जंगलजेटीच्या रांगेत मोटारसायकलींचा ताफा : कोकणातील चार फेरीबोटींचा आढावा

अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे निघालेल्या मोटारसायकलस्वाराला वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेश्वी ही सावित्रीच्या मुखाजवळची बाणकोटची खाडी, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची खाडी आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्रीची खाडी. मोटारगाड्या वाहून नेणारी ही सेवा 2003 मध्ये दाभोळ–धोपावे मार्गावर सुरू झाली आणि पुढे इतर खाड्यांवरही पोचली. स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात. पावसाळा संपला की पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या मोटारसायकलींच्या ताफ्यांचा हा ठरलेला मार्ग झाला आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी या धक्क्यांवर दहा, पंधरा, कधी पंचवीस दुचाकींचे गट एकदम उतरतात. हा आढावा फेरीसेवेचाच आहे, पण मुख्यतः एका बाजूने लिहिलेला: ही सेवा अशा गटांना कशी सामावून घेते, आणि हे गट तिथे कसे वागतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. सेवा चांगली आहे. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचे तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या पुढचा फेरा पडतो. बोटीने दहा-पंधरा मिनिटांत पलीकडचा किनारा लागतो. तिकीट वाजवी असते, खलाशी कामात तरबेज असतात आणि दुचाकीला सहसा पुढची बोट चुकत नाही. तक्रार करायचीच असेल तर ती आपल्याच मोटारसायकलवाल्यांबद्दल करावी लागेल. दुचाकीला रांगेत पुढे घेतात ही गोष्ट बहुतेक गटांनी हक्क म्हणून धरून ठेवली आहे, आणि धक्क्यावरचे निम्मे तंटे तिथेच सुरू होतात.

दुचाकीला पुढे का घेतात, हे बोट भरताना शांतपणे पाहिले तर लगेच लक्षात येते. या बोटी लहान आहेत. साधारण दहा-पंधरा मोटारी मावतील एवढा सपाट पत्र्याचा डेक, टोकाला खाली-वर होणारा रॅम्प, आणि माणसांना उभे राहायला बाजूच्या कठड्याची जागा. खलाशी आधी जड वाहनांचा विचार करतो. टेम्पो किंवा मिनीबस असेल तर ती कोणत्या अंगाला घ्यायची, तिच्यासमोर दुसऱ्या अंगाला किती मोटारी लावायच्या, म्हणजे बोट एका बाजूला कलणार नाही, हा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. मोटारी लागल्यावर त्यांच्यामध्ये आणि कठड्याच्या कडेला ज्या अरुंद पट्ट्या उरतात, त्यांत दुचाकी सरकवल्या जातात. कधी उलटे होते: दुचाकी आधी आत घेऊन कडेला दाबून लावतात आणि मग मधली जागा मोटारींना देतात. दोन्ही प्रकारांत दुचाकी ही उरलेली जागा भरणारी वस्तू असते. रांगेत विसाव्या क्रमांकावर उभ्या असलेल्या मोटारवाल्याच्या डोळ्यांदेखत तुमची मोटारसायकल पुढे जाते, त्यामागे तुमचा मान नसतो. त्याची मोटार त्या पट्टीत मावत नाही एवढेच कारण असते.

हे एकदा नीट समजले की रांगेचे सगळे नियम आपोआप उलगडतात. मोटारींच्या रांगेच्या कडेने हळू पुढे जाऊन धक्क्याजवळ थांबणे यात गैर काही नाही, कारण दुचाकींची रांग वेगळी असते. किंबहुना दुचाकी मोटारींच्या मध्ये उभ्या राहिल्या तर खलाशालाच अडचण होते. पण ती वेगळी असली तरी रांगच असते. तिथे आधीपासून उभा असलेला स्कूटरवरचा कॉलेजचा मुलगा, मासळीची टोपली मागे बांधलेली बाई, गॅसची टाकी घेऊन निघालेला गडी, हे सगळे त्या रांगेत तुमच्या पुढे आहेत, आणि त्यांना पलीकडे कामावर पोचायचे आहे. गटाच्या म्होरक्याने, म्हणजे लीडने, एकट्याने येऊन जागा अडवायची आणि "मागून आमच्या बारा गाड्या येतायत" म्हणून बाकीच्यांना थांबवून धरायचे, हा प्रकार मी एका धक्क्यावर पाहिला आहे. बारा गाड्या येईपर्यंत बोट सुटायची वेळ झाली, त्यांतल्या सात चढल्या, आणि रोज जाणारे तीन-चार स्कूटरवाले मागे राहिले. त्यांच्यापैकी कोणी आवाज चढवला नाही, पण पुढच्या वेळी त्या धक्क्यावर हेल्मेटवर कॅमेरा लावलेला माणूस दिसला की लोक आधीच वाकड्या नजरेने पाहतात, ते उगाच नाही.

माझ्या मते गटाने पाळायची सर्वांत मोठी गोष्ट ही की बोटीसमोर गट असा काही उरत नाही. प्रत्येक मोटारसायकल आली त्या क्रमाने आणि मावेल तेव्हा चढते. पाच पहिल्या बोटीने गेल्या आणि सात दुसऱ्या बोटीने आल्या तर काही बिघडत नाही. लीडने पहिल्या बोटीने जावे, शेवटच्या गाडीवरच्या माणसाने, ज्याला स्वीप म्हणतात, शेवटच्या बोटीनेच यावे, आणि पलीकडे भेटायची जागा आदल्या चहालाच ठरवून ठेवावी. ही जागा धक्क्यावर ठरवू नये. या सगळ्या धक्क्यांवरचे उतरणीचे रस्ते अरुंद असून बोटीतून उतरणाऱ्या आणि बोटीत चढणाऱ्या वाहनांना तो एकच रस्ता असतो. तिथे सात जणांनी हेल्मेट काढून मोजणी सुरू केली की मागून येणारा टेम्पो रॅम्पवरच अडकतो. किनाऱ्यावरून वर चढून गावाबाहेर पडल्यावर, जिथे रस्त्याला मोकळी कड आहे, तिथे थांबावे. एकत्र चढण्याचा हट्ट धरणाऱ्या गटांचे कारण ऐकले तर ते बहुतेक वेळा छायाचित्राचे असते.

तिकिटाची बाब चटकन आटोपते. दरफलकावर सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, बस असे वेगवेगळे दर असतात आणि माणसांचे तिकीट निराळे. गटातल्या एकाने सगळ्यांचे पैसे आधीच गोळा करून, गाड्या किती आणि माणसे किती हे मोजून, एकदाच खिडकीवर जावे. पंधरा जणांनी पंधरा वेळा मोबाइल पुढे करून पैसे भरण्यात आणि नेटवर्क मिळत नाही म्हणून खिडकीसमोर हात उंच करून उभे राहण्यात मागच्यांचा वेळ जातो. सुट्टे पैसे जवळ ठेवलेले बरे. तिकिटे मात्र वाटून द्यावीत; सगळी तिकिटे लीडच्या खिशात राहिली आणि लीड पहिल्या बोटीने गेला की मागे राहिलेल्यांची पंचाईत होते.

धक्क्यावर थांबायची जागा हा या आढाव्यातला दुसरा मोठा मुद्दा. रॅम्पच्या तोंडाशी उभे राहू नये. आलेली बोट रिकामी होईपर्यंत तो भाग उतरणाऱ्यांचा असतो, आणि त्यातही आधी पायी माणसे उतरतात, डोक्यावर ओझे असलेली, लहान मुलांना धरलेली. दुचाकीवाल्यांची सवय अशी की बोट टेकताना दिसली की इंजिने सुरू होतात, आणि रॅम्प जमिनीला लागेपर्यंत दहा-बारा पुढची चाके त्याच्या कडेला लागलेली असतात. उतरणाऱ्या मोटारीला मग वाट काढत जावे लागते. बोटीच्या एका टोकालाच रॅम्प असेल तर आणखी एक अडचण येते. सरळ आत गेलेल्या मोटारीला बाहेर पडताना मागे यावे लागते, आणि त्या चालकाला मागे तुमची मोटारसायकल दिसतेच असे नाही. पन्नास पावले मागे, रस्त्याच्या एका कडेला, एकामागे एक असे उभे राहून खलाशाने हात केल्यावरच पुढे सरकायचे, एवढे केले तरी पुरे. इंजिन तोवर बंद असावे. उन्हात उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडावर सायलेन्सरचा धूर सोडत राहण्याने बोट लवकर सुटत नाही.

आता रॅम्प. भरतीला तो जवळजवळ सपाट पडतो आणि चढणे सोपे जाते. ओहोटीला धक्क्याचा खालचा, एरवी पाण्याखाली असलेला भाग उघडा पडतो. त्यावर हिरवे शेवाळ असते, वरून चिखलाचा पातळ थर, आणि पुढे बोटीच्या ओल्या लोखंडी पत्र्याची कड. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी जास्त खाली जाते आणि हा उतार आणखी लांबतो. या जागी मोटारसायकली पडतात, आणि गटात चालवणाऱ्यांच्या जास्त पडतात, कारण पुढच्याच्या मागे लगोलग जायची त्यांची सवय असते. पुढचा रॅम्पच्या मध्यावर थबकला की मागच्याला उतारावर, शेवाळावर थांबावे लागते, तो सवयीने पुढचा ब्रेक दाबतो आणि चाक निसटते. रॉयल एनफील्ड क्लासिक 350 चे वजन 195 किलो, स्प्लेंडरचे 112 च्या आसपास. त्यावर दोन्ही बाजूंच्या पॅनियर बॅगा आणि मागे तंबू बांधलेला असेल तर आडवी झालेली गाडी तिथे एकट्याने उचलता येत नाही, आणि तिच्यामुळे सगळी बोट खोळंबते. म्हणून एक गाडी पूर्णपणे डेकवर पोचल्याशिवाय दुसरीने उतार सोडू नये. मागे बसणाऱ्याने आधीच उतरून चालत जावे. पहिला गिअर, पाय खाली टेकायला तयार, मागचा ब्रेक, आणि पत्र्याची कड ओलांडताना हँडल सरळ. यात शौर्य दाखवण्यासारखे काही नाही. रोज जाणारा स्कूटरवाला हेच करतो, म्हणून तो पडत नाही.

डेकवर गेल्यानंतरचे कौशल्य खलाशाचे असते आणि ते पाहण्यासारखे असते. दोन मोटारींच्या मध्ये आरसे दुमडून जेमतेम हातभर जागा उरली आहे, त्यात तो तीन मोटारसायकली तिरक्या लावतो. "दादा, वाईच डावीकडे घ्या. गिअरात टाका. लॉक नको, लॉक नको." हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. हँडल कुलूपबंद केले की शेवटची मोटार आत घेताना त्याला तुमची गाडी चार बोटे सरकवता येत नाही, आणि मालक तोवर वरच्या मजल्यावर खाडीची छायाचित्रे काढत असतो. साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडल मोकळे, आणि मालक गाडीजवळ: अशी गाडी खलाशाला आवडते. बोट टेकताना धक्का बसतो, त्या वेळी गाडीला हात लावून उभे राहावे. पॅनियर बॅगांमुळे गाडीची रुंदी दीडपट होते आणि शेजारच्या मोटारीच्या दाराला ओरखडा जातो; बॅगा चटकन निघणाऱ्या असतील तर धक्क्यावरच काढून हातात घ्याव्यात. शेजारची मोटार कोणाची तरी नवी असते, आणि त्या मालकाने ओरखड्यावरून घातलेला वाद पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत सगळी बोट ऐकते.

बोटीवरच्या वागणुकीबद्दल फार लिहायला नको. धूम्रपान नको, स्पीकरवर गाणी नकोत, कठड्यावर चढणे नको. पायी प्रवाशांसाठी जी थोडी सावलीची जागा असते तिथे जाकिटे, हेल्मेटे आणि टँकबॅगा पसरून ठेवण्याची खोड मात्र अगदी शिकल्यासवरल्या गटांनाही असते. ड्रोन उडवण्याचा मोह दाभोळला आणि जयगडला विशेष होतो, पण एकीकडे अंजनवेलचा वीजप्रकल्प आणि दुसरीकडे जयगडचे बंदर व वीजप्रकल्प असताना तो आवरलेलाच बरा.

चार खाड्यांची तुलना करायची तर माझी पसंती तवसाळ–जयगडला आहे. हेदवीकडून येणारा रस्ता सुरेख आहे, धक्क्यावर तुलनेने गर्दी कमी असते, आणि दहा-बारा गाड्यांचा गट तिथे कोणाला त्रास न देता दोन बोटींत विभागला जातो. पलीकडे उतरल्यावर जयगड किल्ला हाताशी आहे. मागे राहिलेल्यांची वाट पाहायला त्याहून चांगली जागा मिळणार नाही. आगरदांडा–दिघीचे पाणी चौघांत रुंद, त्यामुळे वेळ थोडा जास्त लागतो, आणि मुरूड-जंजिऱ्याचे पर्यटक त्याच मार्गावर असल्याने सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लांबते. पण थांबायला जागा मोकळी आहे. बागमांडला–वेश्वीला हरिहरेश्वरचे भाविक असतात, बरेचसे वृद्धांना आणि मुलांना घेऊन आलेले, आणि तिथे दुचाकींच्या गटाने जरा जास्तच नमते घ्यावे असे मला वाटते. या खाडीवरच्या पुलाचे काम अनेक वर्षे रखडले, म्हणून सगळा भार बोटीवर येतो.

दाभोळ–धोपावे हा मार्ग सर्वांत उपयोगाचा आणि गटांसाठी सर्वांत अवघड. दाभोळ हे जुने बंदर. आदिलशाहीच्या काळात बांधलेली अंडा मशीद धक्क्यापासून जवळच आहे, आणि गावाचे रस्तेही त्याच काळाला साजेसे अरुंद आहेत. धक्क्याकडे जाणारी वाट घरांच्या आणि दुकानांच्या मधून जाते. पंधरा मोटारसायकलींनी तिथे रस्त्याच्या दोन्ही कडा धरल्या की दुकानाच्या पायरीवर चढायलाही जागा उरत नाही. इथे गटाने गावाबाहेर थांबून पाच-पाच जणांनी धक्क्यावर यावे. वेळ वाट पाहण्यात घालवायचा असेल तर मशीद पाहावी, पण गाड्या तिच्या दारासमोर लावू नयेत.

गोव्यातल्या फेरीबोटी या तुलनेत वेगळ्या आहेत, पण केरीहून तेरेखोलला किंवा रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या गटांसाठी दोन वाक्ये. तिथे खाडीचे पात्र लहान, फेऱ्या वारंवार, आणि बोट ही गावकऱ्यांची रोजची वाट असल्याने दुचाकी एकदम आत शिरतात आणि स्वार गाडीवरच बसून राहतो. हे पाहून बाहेरच्या गटाला वाटते की इथे रांगच नाही. रांग असते, ती ओळखीची असते: कोण कोणाच्या आधी आले हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि पाहुण्याने शेवटी उभे राहून बोटीतली शेवटची जागा घेतली तर त्याला कोणी वेगळे मानत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून जाणाऱ्या मोठ्या रो-रो बोटीशी मात्र यांतल्या कशाचीच तुलना होऊ शकत नाही. तिथे आगाऊ आरक्षण असते, मार्गिका आखलेल्या असतात आणि गणवेशातला माणूस गाडी कुठे लावायची ते सांगतो. त्या बोटीची सवय झालेले गट लहान खाडीवर येऊन आरक्षण मागतात तेव्हा खिडकीमागचा माणूस कपाळाला हात लावतो.

सेवेत सुधारणा सुचवायचीच तर एकच. दुचाकींनी कुठे उभे राहायचे याचा पांढरा पट्टा आणि एक फलक धक्क्यावर असावा. माझ्या पाहण्यात आलेल्या एका धक्क्यावर तसा काहीच नव्हता, आणि नवखा माणूस मोटारींच्या मागे उभा राहतो, नाहीतर थेट रॅम्पवर जातो. मधली योग्य जागा त्याला कोणी दाखवत नाही. खलाशाचा आवाज एवढाच फलक. गर्दीच्या दिवशी जादा फेऱ्या सोडल्या जातात, ही गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी, आणि आजारी माणसाची गाडी आली तर सगळी रांग बाजूला करून ती आधी घेतात हेही.

रेवस ते रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे, आणि ते झाले की या रांगाही राहणार नाहीत. तोवर ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी माझे मत असे: सहापर्यंत गाड्या असतील तर कोणत्याही दिवशी, कोणत्याही खाडीवर खुशाल जावे. दहा-बारा असतील तर शनिवारी सकाळी पहिल्या किंवा दुसऱ्या बोटीने निघावे आणि दोन भागांत जायची तयारी ठेवावी. दिवसातल्या शेवटच्या बोटीची वेळ खिडकीवर स्वतः विचारून घ्यावी आणि तिच्या भरवशावर मोठा गट ठेवू नये, कारण ती बोट कामावरून परतणाऱ्यांची असते आणि पावसात किंवा वाऱ्यात रद्दही होऊ शकते. वीसच्या वर गाड्या घेऊन दीर्घ सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी गुहागरहून परतायचे असेल, तर धोपाव्याला जाऊच नये. चिपळूणमार्गे महामार्ग धरावा.